नवव्या फेरीतले दाणे

आज जप लागेना. बोटं माळेवर आणि कान स्वयंपाकघराकडे. तिथे माझी धाकटी नणंद कोबी चिरत नव्हती, कोबीवर सूड उगवत होती.

औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं आहे. तिचं काम रव्याएवढ्या प्लॅस्टिकच्या दाण्यांचं. त्यांच्यावर उत्प्रेरक चिकटवलेला असतो. काही औषधांचे रेणू चपलांसारखे डावे-उजवे असे दोन्ही तयार होतात, आणि गुण असतो एकातच. हा उत्प्रेरक हवा तोच घडवतो. शिवाय दाण्यांवर असल्यामुळे गाळून, धुऊन पुन्हा वापरता येतो. तेच दाणे दहा फेऱ्या टिकले, तर कारखाना ही पद्धत घेणार होता. त्या दहासाठी ती दोन वर्षं राबली. सगळे तिला ‘दाणेवाली’ म्हणतात; तीही ओ देते.

दाणे ढवळायचे नाहीत, भांडंच हलकं हलवत ठेवायचं, हा तिचा नियम. आठ फेऱ्या सुखरूप झाल्या. काल दाढ ठणकत होती म्हणून ती दुपारी डॉक्टरकडे गेली, आणि साहेबांनी घाईपायी भांड्यात ढवळायचा चुंबक टाकून तो गरागरा फिरवला. दाण्यांचं पीठ झालं नि गाळणीतून निघून गेलं.

“आणि अहवालात काय लिहिलंय, वहिनी? ‘दाणे टिकाऊ नाहीत.’ खाली सही माझी हवी!”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, साहेब, खलबत्त्यात घातलं तर माणूसही टिकायचा नाही.”

“हसले?”

“छे! म्हणाले, एका सहीनं काय बिघडतं?”

बाहेरून आमचे हे बोलले, “कर की सही, मोकळी हो.”

“दादा, तू पेपर वाच.”

“देव बघतो गं सगळं,” मी म्हटलं.

“बघतो ना. पण त्याची सही तिथे चालत नाही!”

मी माळ डबीत ठेवली.

सहीच्या जागी तिनं लिहून दिलं होतं, ‘दाणे ढवळले गेले. नवे द्या, पहिल्या फेरीपासून करते.’ साहेबांनी ती ओळ खोडून कागद परत धाडला. जेवणं झाल्यावर तिनं तो पिशवीतून काढला, ओट्यावरच पसरला आणि खोडलेल्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहिली, मोठ्या अक्षरात.

आता कागदावर सहीपुरती जागा उरलेली नाही.