लिबेरोताईंचा डबा

आमच्या फ्रिजचं दार बंद होत नाही, याला एक निवृत्त कोरियन व्हॉलीबॉलपटू जबाबदार आहे.

आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे न्यूझीलंडमधल्या लोअर हटला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने शेजारच्या यंगमीताईंना कुंपणावरून बेसनाचे लाडू दिले, स्टीलच्या डब्यातून. डबा परत आला तो किमचीने भरून. (किमची म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखटजाळ लोणचं. आधी वास येतो, मग डबा.) आमच्याकडे डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. कोरियातही नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. थालीपीठं गेली, भाताचे रोल आले. चकल्या गेल्या, मुळा आला. शेवटी दुधाला जागा उरली नाही आणि मी रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत खेटे घालू लागलो.

आता मी पडलो चळवळीतला माणूस. आठवडाभर ट्रेनने वेलिंग्टनला नोकरी आणि शनिवारी पत्रकं वाटायची. तेव्हा आमची मोहीम अन्नाच्या नासाडीविरुद्ध होती. 'एक घास वाया घालवणं हासुद्धा गुन्हा आहे!' हे ठळक अक्षरांतलं वाक्य माझंच. आणि माझ्याच फ्रिजमध्ये तीन प्रकारचा कोबी आपापल्या गतीने आंबत होता! माझं रक्त उसळलं.

"आई, हे थांबायला हवं."

"मी नाही थांबवायची. लोक काय म्हणतील?"

"लोक कुठले? एक बाई आहे."

"इथे माझे लोक म्हणजे तीच," आई म्हणाली.

मी ऐकलं. पण आम्हा कार्यकर्त्यांना ऐकायची फारशी सवय नसते. दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेल्यावर मी डबा लख्ख घासला, आत पत्रक ठेवलं आणि यंगमीताईंच्या दारात नेऊन ठेवला.

आईला कळलं तशी ती खुर्चीत बसलीच. "रिकामा दिलास?"

"रिकामा कसा? विचार होता त्यात."

"विचार तोंडी लावतात का रे, निखिल?"

चार दिवस कुंपणापलीकडून काही आलं नाही. आई चहाचा कप घेऊन लिंबाच्या झाडाशी उभी राहायची. चहा गार व्हायचा, ती पलीकडच्या पडद्याकडे बघत असायची. मग एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "परतीचं अलीकडचं तिकीट मिळतंय का बघ."

मी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवल्या आणि तडक शेजारी गेलो, माफी मागायला. (ती कशी मागतात हे पत्रकांत नसतं.)

यंगमीताईंनी आत बोलावलं. टेबलावर आमचा डबा, शेजारी माझं पत्रक. भिंतीवर एक फोटो होता, एकाच रंगाच्या शर्टांतल्या उंचच उंच मुलींचा. मधोमध या, बुटक्या, वेगळ्याच रंगात.

"तुम्ही खेळायचात?"

"लिबेरो होते," त्या म्हणाल्या. "लिबेरोने स्मॅश मारायचा नाही. तेव्हा सर्व्हिसही करायची नसे. फक्त बॉल पडू द्यायचा नाही. लांबून ओळखू यावी म्हणून शर्ट वेगळा."

"मग पॉइंट किती केलेत?"

"एकही नाही." हे त्यांनी पदक दाखवावं तसं सांगितलं.

एवढ्या कारकिर्दीत शून्य! हा अन्याय आहे, यावर पत्रक निघालंच पाहिजे, असं मी म्हणणार होतो. पण त्या खिडकीबाहेर बघत हळूहळू बोलू लागल्या. बॉल छतावरच्या दिव्यांमधून यायचा म्हणे. क्षणभर दिसायचाच नाही, नुसता उजेड. सगळं स्टेडियम गप्प. मग मनगटांना लागायचा आणि पिसासारखा वर, वर जायचा.

"तो हवेत असतो ना, तोवर कुणीच हरलेलं नसतं," त्या म्हणाल्या. मग गुडघे गेले, खेळ सुटला, मुलीपाठोपाठ या देशात आल्या. इथे कित्येक वर्षं त्यांच्या बाजूला काही आलंच नाही. "आणि एक दिवस निखिल-ओम्माने लाडू टाकले."

(ओम्मा म्हणजे आई. माणसाला मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आमच्यासारखीच.)

बाहेर टेकड्यांवरून धुकं उतरत होतं. मला कुंपण दिसत होतं, जाळीसारखं, आणि त्यावरून इकडून तिकडे तरंगत जाणारा स्टीलचा डबा. चमकत, सावकाश. तो कधी पडलाच नव्हता. मी पाडेपर्यंत.

"मग चार दिवस काहीच का नाही आलं?" मी विचारलं.

त्यांनी पत्रक उचललं. "हा बॉल अवघड होता. कसा उचलावा, बघत होते."

सकाळी डबा आला. आत किमची, झाकणावर चिकटपट्टीने लावलेलं माझं पत्रक. आई कुंपणाशी धावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी बोलणी बराच वेळ चालली.

"ठरलं," आई आत येत म्हणाली. "डबे चालू राहणार. पण घास वाया जाता कामा नये. तुझंच वाक्य, यंगमीने खाली रेघ मारलीय बघ."

"आणि खाणार कोण?"

आईने काखेतलं एक पुडकं माझ्यापुढे धरलं. आत जुना, वेगळ्याच रंगाचा शर्ट होता.

"तिने दिलाय. म्हणाली, आता हा तुझा."

तेव्हापासून मी तो घालून तिन्ही त्रिकाळ जेवतो आहे. अजून एकही घास पडू दिलेला नाही. स्वतःचं पत्रक शब्दशः पाळणारा आमच्या चळवळीतला मी पहिलाच कार्यकर्ता, आणि त्याचा पुरावा म्हणून शर्ट दोन्ही बाजूंनी उसवला आहे.