कच्चं प्रूफ

दोन कागद एकावर एक ठेवायचे, कडा जुळवायच्या आणि खिडकीच्या उजेडाला धरायचे, ही काकांची पद्धत. मग एक डोळा बारीक करून म्हणायचे, "उजेडाला धरलं की लबाडी दिसते."

तुम्हाला वाटेल, छापखान्यातला माणूस असणार. होतेच ते. महाडच्या एका छापखान्यात त्यांनी वीस वर्षं प्रुफं तपासली. तो बंद पडला आणि दोन हजार सालाच्या आसपास ते आमच्या कचेरीत आले. शाळांचे निकाल तयार करणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. आम्ही चौघे इंजिनिअर त्यात रोज दुरुस्त्या, म्हणजे पॅच, करायचो. एकाने बांधावं, दुसऱ्याने मोडावं असा खाक्या. ते सगळे पॅच एकत्र करायचे, त्यांचं बिल्ड, म्हणजे चालवता येईल असा पूर्ण प्रोग्राम, बनवायचं आणि शाळेला पाठवण्याआधी खिडकीजवळच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, हे काम काकांचं. पुस्तकात त्या कॉम्प्युटरला स्टेजिंग म्हणतात. काका त्याला कच्चं प्रूफ म्हणायचे.

प्रोग्रामिंग त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रोग्राम ते रोज कागदावर छापून घ्यायचे, आणि कालच्या आणि आजच्या कागदात काय बदललं, ते आमच्याआधी त्यांना दिसायचं. शंका आली की त्या ओळींना लाल पेन्सिलीची चौकट, बाजूला 'विचारणे' असा शेरा, आणि कागद घेऊन स्वतः टेबलाशी हजर.

"ह्या ओळी तुझ्या हायत का रे?"

"हो काका."

"मग सांग, कशाला घातल्यास?"

सांगता सांगता निम्म्या वेळा आपली चूक आपल्यालाच कळायची. कुणी घाई केली की उत्तर ठरलेलं, "कच्च्या प्रुफाशिवाय छपाई नाय." आम्ही त्यांची टिंगल करायचो. मी जरा जास्तच. शिकलेला होतो ना!

एकदा ऐन निकालाच्या आदल्या दिवशी काका भाचीच्या लग्नाला कशेडी घाटापलीकडे गेले होते. पोलादपूरकडच्या एका शाळेतून फोन आला, सवलतीचे गुण धरलेच जात नाहीत. मी तीन ओळी घातल्या, बिल्ड केलं आणि कच्च्या प्रुफाला फाटा दिला. हाताशी आली ती जुनी फ्लॉपी भरून पोलादपूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे सोपवली. तिच्या लेबलावर काकांची जुनी सही होती, बिल्ड तपासलं की ते करायचे ती. मला ती दिसली होती. नवं लेबल शोधायचा कंटाळा केला, बस्स.

माझ्या ओळींनी सवलतीचे गुण मिळवण्याऐवजी वजा केले. काठावरची सगळी पोरं नापास! दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक फ्लॉपी घेऊन कचेरीत आले. निकाल दोन दिवसांत सुधारला, पण पोरांनी घरी खाल्लेला मार काही परत घेता आला नाही.

लग्नाहून परतलेल्या काकांनी जुना आणि नवा, दोन्ही कागद छापले आणि उजेडाला धरले. बराच वेळ धरले. तेवढ्यात मालकांनी फ्लॉपी पुढे केली. "सही तुमचीच ना? न तपासताच करून गेलात?"

"सही माझीच हाय."

मी शेजारीच उभा होतो. त्या महिन्यात मला कायम करणार होते. मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

शनिवारी काकांची नोकरी संपली. संध्याकाळी माझ्या टेबलावर ते दोन कागद घडी घालून ठेवलेले होते. माझ्या तीन ओळींभोवती लाल चौकट, बाजूला 'विचारणे'. विचारायला मात्र ते आले नव्हते.

तुडीलला त्यांच्या घरी जायला मला सहा वर्षं लागली. महाडहून एसटीने तासाभराची वाट. घरात काकू एकट्याच होत्या, आणि भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो.

"काकू, त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली," मी एका दमात बोलून टाकलं.

"गेली कुठं? सोडली त्यांनी. डोळं शिणतात म्हणाले. कागद उजेडाला धरवत नाय म्हणाले."

मी खिशातले ते कागद काढून त्यांच्या हातात दिले. छापलेल्या ओळी फिक्या पडल्या होत्या, लाल पेन्सिल तशीच होती. काकूंनी त्या शेऱ्यावरून बोट फिरवलं.

"अक्षर त्यांचंच हाय. काय लिवलंय रे?"

"विचारणे."

"मग विचारलं का त्यांनी?"

"नाही, काकू."