पोचल्याचा फोन

बाहेरगावी गेलेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही, हा शेवंताबाईंच्या सासरचा नेम. नवरा होता तेव्हा राजापूरला जायचा, दहा तासांत निरोप यायचा. परवा मुलगा निमेश सॅन फ्रान्सिस्कोला परत गेला आणि लालबागच्या खोलीतली केरसुणी कोपऱ्यातच राहिली.

शेजारच्या कीर्तीने मोबाइलवर बघितलं. “काकी, तेरा हजार किलोमीटर, सतरा तास. एव्हाना उतरला असणार.”

“चुलीत गेला तुझा मोबाइल. त्याचा फोन कुठे आलाय?”

तिसऱ्या दिवशी कीर्तीने त्याचा फेसबुकवरचा ताजा फोटो दाखवला. निमेश तिकडे गाडीला टेकून हसत होता. शेवंताबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघितलं.

“पोचलाय की, शहाणा!” म्हणत त्यांनी केरसुणी उचलली.

तीन दिवसांचा केर मूठभर निघाला. एकट्या बाईचा असा कितीसा होणार!