बैलाला दोरी नव्हती

१२ मे. आभाळ कोरं, सकाळी नऊलाच झळा सुरू. कूलरच्या टाकीत पाणी चढलं नाही.

तारीख आणि हवा लिहून ठेवायची मला जुनी सवय आहे. खाली घडलेल्या गोष्टीची एखादी ओळ. पण चार माणसं एका खोलीत मिळून काम करायला लागली की त्या ओळीचं पान होतं. काम राहतं बाजूला, किस्सेच जास्त तयार होतात! आमच्या बैलाच्या जाहिरातीचं तसंच झालं. टीव्हीवर ती अर्धा मिनिटसुद्धा टिकत नसे. तिच्याबद्दल मी गप्पच बसणार होतो. पण काल सीताबर्डीला एका लग्नात एका शिकलेल्या गृहस्थांनी भर पंगतीत मला विचारलं, "ती बैलाची जाहिरात तुमचीच ना? दोरी काय सुंदर लपवलीत हो!"

दोरी नव्हती! म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

*

दामोदरराव नागपूरच्या इतवारीत लाकडी बैल करतात. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात आणि बोजारा मागतात. लोक खाऊ देतात, नाणं देतात. दामोदररावांचा बैल हा पांढराशुभ्र, मान जरा वाकडी, डोळा असा की तुमच्याकडेच बघतोय. पण त्याची कीर्ती उमरेड-मौद्यापलीकडे गेली नव्हती. आणि घरात मुलगा सुधाकर प्लास्टिकचे बैल काढणाऱ्या मशीनवर नजर लावून बसला होता. शेवटी बापलेकांचं ठरलं: यंदा बैल पुण्या-मुंबईच्या दुकानांत गेले तर लाकडाचं काम चालू राहील. नाहीतर पोळा झाला की पटाशी-रंधा माळ्यावर, आणि त्या जागी मशीन!

म्हणून दामोदररावांनी टीव्हीवर जाहिरात द्यायचं धाडस केलं. मुंबईची एक एजन्सी गाठली. बैल चालवायचं काम माझ्याकडे आलं.

मी तेव्हा थिएटरसाठी जाहिरातींच्या स्लाइडी रंगवत असे. निर्जीव वस्तू पडद्यावर आपोआप चालवायची रीत मी वाचून आणि चुकून शिकलो होतो. रीत सोपी आहे. बैल केसभर सरकवायचा, एक फोटो घ्यायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. एका सेकंदाला चोवीस फोटो. मधे कुणी कशाला हात लावायचा नाही. एवढंच!

हे 'एवढंच' मी ज्याला समजावलं, तो नीट ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "मग दोरीनं ओढा ना गा!"

*

पहिला वाद बैलावरूनच. एजन्सीचे साहेब विमानानं आले. बूट चकचकीत. त्यांनी बैल हातात घेतला, उलटा केला, चाकं फिरवली आणि म्हणाले, "ब्यूटिफुल! फक्त याचा घोडा करता येईल का? शहरातल्या मुलांना घोडा अपील होतो."

दामोदररावांनी बैल त्यांच्या हातातून काढून घेतला. "घोड्याचा पोळा असते का साहेब?"

"नसतो?"

"तुमच्या मुंबईत असंल तं मले माहीत नाही!"

साहेब त्यानंतर बैलाच्या जातीबद्दल बोलले नाहीत. पण जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणालेच, "निदान शिंगं लहान?"

*

मधुभाऊंच्या धंतोलीतल्या फोटो स्टुडिओत आम्ही टेबलावर गाव मांडलं. पुठ्ठ्याची घरं, कागदाच्या पानांचं लिंबाचं झाड, मधोमध वेस. बैल एका टोकानं निघणार, वेशीखालून जाणार आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मातीच्या पोराजवळ थांबून मान हलवणार. कॅमेरा मधुभाऊंचा, बैल माझा.

शूटिंग बघायला उमरेडहून दामोदररावांचे मेहुणे एसटीनं आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. त्यांना वाटलं असावं, नट-नट्या असतील. मी त्यांना खुर्ची दिली, हात लावू नका म्हणून बजावलं आणि कामाला लागलो. मी बैल सरकवायचो, मधुभाऊ 'हं' म्हणून फोटो घ्यायचे. सरकव, हं. सरकव, हं. सकाळची दुपार झाली. दुपारची संध्याकाळ झाली. मेहुणे शिस्तीत बसून होते. माझ्या मनात आलं, चला, एक तरी माणूस असा मिळाला की ज्याला या कामाची कदर आहे!

शेवटच्या बसची वेळ झाली तसे ते उठले. खिशातल्या कंगव्यानं केस सारखे केले आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "उद्या येतो मी. उद्या तरी सुरू होईन ना?"

*

फिल्म धुवायला मुंबईला जायची. आज काय चुकलं, ते आठवड्यानं कळायचं. पहिलं रीळ धुवून आलं आणि आम्ही भिंतीवर लावलं. बैल ठीक चालला होता. पण गावात वादळ! लिंबाची पानं अशी थडथडत होती की आता छपरं उडतील.

मी टेबल तपासलं, कॅमेऱ्याचे पाय तपासले. झाड मी स्वतः चिकटवलेलं. मग आठवलं. सुरुवातीला साहेब शूटिंगला येऊन बसले होते. त्यांना उकडत होतं, म्हणून त्यांनी न विचारता कूलर लावला होता! मी ओरडून बंद करवला, तर ते म्हणाले होते, "अहो, बैल कुठं हलतोय? तो तर जड आहे."

त्या रिळाचा पहिला भाग फुकट गेला. पुढचं सगळं काम आम्ही कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद ठेवून केलं. नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी यापुढं काही सांगत नाही.

*

उकाड्याचं एक वेळ सोडा. विजेचं काय करायचं? खापरखेड्याला एवढं मोठं वीजघर, तिथला धूर इथून पाहून घ्या, आणि स्टुडिओतला दिवा मात्र कधी पिवळा, कधी पांढरा! एका फोटोत गावात दुपार, दुसऱ्यात तिन्हीसांज. बैल चार बोटं चालेपर्यंत गावावरून कितीतरी दिवस मावळायचे. मी व्होल्टेज स्थिर होईपर्यंत एका हातानं बैलाच्या जागेची खूण म्हणून सुई धरून, न हलता, न बोलता थांबायचो. आणि साहेब ते रीळ पाहून काय म्हणाले? "हा विजा चमकण्याचा इफेक्ट मस्त साधलाय!"

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार!

*

मातीच्या पोराची गत आणखी वाईट. दिव्याखाली त्याचं नाक हळूहळू खाली यायला लागलं. एवढं हळू की फोटो घेताना कुणाच्या लक्षात येत नव्हतं. भिंतीवर पाहिलं तेव्हा नाक ओठ ओलांडून हनुवटीला टेकायला निघालं होतं.

दामोदरराव म्हणाले, "बैलाची वाट पाहून पाहून पोट्टं पडशानं भरलं ना गा!"

खोलीतले सगळे हसले. मी हसलो नाही. ते नाक मी शूटिंगच्या आदल्या दिवशीच बसवलं होतं. शेवटी दामोदररावांनी सागवानाचं पोर करून दिलं. ते मात्र शेवटपर्यंत जसंच्या तसं राहिलं. त्या खोलीत आम्हा सर्वांमध्ये तेवढंच एक शहाणं होतं.

*

आता कुंकवाचं सांगतो.

शेवटचं रीळ. बैल वेशीच्या बरोबर खाली आलेला. शिल्लक फिल्म बैलाला पोरापर्यंत पोचवायला जेमतेम पुरेल एवढी. साहेब आणखी रीळ देणार नव्हते, आणि पोळ्याआधी जाहिरात लागायची तर फिल्म त्याच आठवड्यात मुंबईला जायला हवी होती. मी आणि मधुभाऊ हात धुवायला मागच्या मोरीकडे गेलो. तेवढ्यात शांतावहिनी, म्हणजे दामोदररावांच्या मंडळी, डबा घेऊन आल्या.

आम्ही परत येऊन पाहतो तर वहिनी टेबलाशी बसलेल्या, बैल त्यांच्या मांडीवर, आणि बैलाच्या पांढऱ्या कपाळावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट!

"वहिनी! हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? पोळ्याचा बैल हाय ना भाऊजी तो! उघड्या कपाळानं वेशीतून काहून काढून राहिले तुम्ही त्याले?"

"अहो, पण अर्धी जाहिरात झाली!"

"मग बरं झालं मी आली. अर्धी तरी नीट होईन!"

पेन्सिलच्या खुणांवर बैल मी परत जागच्या जागी बसवू शकत होतो. कुंकवाचं काय? दुसरा बैल घ्यावा तर दामोदररावांचे दोन बैल कधी सारखे होत नाहीत. प्रत्येकाची मान वेगळी. मी ओला फडका उचलला.

वहिनींचा चेहरा उतरला. "कुंकू पुसता? माह्या डोयासमोर?"

दामोदरराव दारातच उभे होते. ते मधे आले. "वसंतराव, फडका ठेवा गा खाली. मी जित्ता असेपर्यंत हे होनार नाही."

या प्रश्नात त्यांचा स्वतःचा जीव गुंतला होता, हे मी समजू शकतो. पण फिल्मचं काय? मी मधुभाऊंकडे पाहिलं. मधुभाऊंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मी फडका ठेवला, बैल खुणेवर बसवला. सरकव, हं. सरकव, हं.

फिल्म मुंबईला गेली आणि साहेबांचा ट्रंक कॉल आला. इतक्या मोठ्यानं बोलत होते की मधुभाऊंनाही ऐकू येत होतं. "वसंतराव, बैल वेशीत शिरतो तेव्हा कपाळ कोरं! बाहेर येतो तेव्हा कुंकू! मधे काय झालं?"

मी खरं ते सांगितलं. "वहिनी आल्या."

"कोण वहिनी? स्क्रिप्टमध्ये वहिनी नाहीत!"

*

सुधाकर म्हणाला, "बाबा, लोक हसतीन. जाहिरात मागं घ्या, मी मशीनवाल्याले हो सांगतो."

दामोदरराव म्हणाले, "हसू दे. हसाले तरी बैलाकडे पाहावं लागन ना!"

जाहिरात लागली. पहिली मागणी पुण्याच्या एका दुकानदाराकडून आली: वेशीखालून गेल्यावर ज्याला आपोआप कुंकू लागतं, तोच बैल पाठवा, साधा नको. पाठोपाठ मुंबईच्या दोन दुकानांनी तेच मागितलं. मी दामोदररावांना म्हणालो, त्यांना स्पष्ट कळवा, असा बैल नसतो, तो फिल्ममधला दोष आहे. दामोदररावांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि प्रत्येक खोक्यात बैलासोबत कुंकवाची एक पुडी टाकली.

एक बैल पुण्याहून परत आला. गिऱ्हाइकाची तक्रार होती: दारातून नेला, खुर्चीखालून नेला, देवघरासमोरून नेला, कुंकू येत नाही.

वहिनींनी त्याला पाटावर ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं, गूळ दाखवला. दामोदररावांनी तो पुन्हा खोक्यात भरून त्याच पत्त्यावर पाठवला.

पोळा झाल्यावर सुधाकरनं मशीनवाल्याला 'नाही' म्हणून कळवलं. पुण्याचा बैल परत आला नाही.