आक्काने न पाहिलेली फायनल

राहनाळच्या आक्काला क्रिकेट कुणी शिकवलं नाही. नवरा तुळशीराम रेडिओ कानाला लावून बसायचा, त्याच्याशेजारी भाजी निवडता निवडता तिला सगळं कळायला लागलं. तुळशीराम गेला, वेड मात्र मागे राहिलं. गोदामातल्या हमालांना डबे पुरवून तिने पंचावन्न इंची टीव्ही घेतला. तो भिंतीवर लागला तेव्हा तिचा दीर केसरीनाथ याने समोरची मोठी खुर्ची कुणाला न विचारता स्वतःची करून टाकली.

केसरीनाथ हा भलताच श्रद्धाळू प्रेक्षक. भागीदारी जमली की तो कुणाला जागचं हलू द्यायचा नाही. एखाद्याला लघवीला लागली तर विकेट पडेपर्यंत दाबून धरायची. अशात २०१९च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आली. आक्का मेथीची जुडी घेऊन जरा टेकली, आणि पाच धावांत आपले तीन गडी गेले. भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत केसरीनाथ ओरडला, "ऊठ वयनी तिथून! पांढऱ्या पायाची हायस तू. आधी माझ्या भावाला गिळलंस, आता टीमला गिळतेस?"

पाहुण्यांनी माना टीव्हीकडे वळवल्या. पोटचा मुलगा भावेशसुद्धा टीव्हीकडेच बघत राहिला. आक्काने मेथी उचलली आणि मागच्या पडवीत जाऊन निवडली. विधवा बाईला हा शब्द कुठे जाऊन लागतो ते सांगायला नको. त्या दिवशी तिने केसरीनाथला मनात धरला तो धरलाच.

पुढची चार वर्षं मॅच असली की तिची रवानगी पडवीत. २०२३च्या वर्ल्ड कपला तर कहर झाला. आक्का पडवीत आणि भारत लागोपाठ दहा मॅच जिंकला. केसरीनाथ गावभर सांगत सुटला, की वयनीला बाहेर बसवतो म्हणून आपण जिंकतो. फायनलला त्याने अंगणात मांडव घातला, टीव्ही आणि आपली मोठी खुर्ची तिथे हलवली, चाळीस माणसांना मटणाचं आवतण दिलं, आणि आक्काच्या हातात नवी साडी ठेवून तिला सकाळीच पडघ्याला बहिणीकडे धाडलं. पडवीतूनसुद्धा तिची सावली पडायला नको, म्हणे!

आक्का निमूटपणे गाडीत बसली. आज भारत जिंकला तर आपण मरेपर्यंत पांढऱ्या पायाच्या, हे तिला स्वच्छ दिसत होतं. हरला तर मात्र केसरीनाथची धडगत नव्हती.

पडघ्याला पोचताच तिने बहिणीच्या, सीताबाईच्या, टीव्हीची पिन उपटली.

"अगं, फायनल हाय आज!"

"म्हणूनच. आज या घरात टीव्ही लागनार न्हाय. आनि तू त्याची साक्षीदार."

सीताबाई गाल फुगवून बसली. खरं तर आक्काचाच जीव कासावीस होत होता. टॉस कुणी जिंकला एवढंही तिला माहीत नव्हतं. हायवेच्या बाजूने फटाके वाजतात की नाही, यावरून काय ते ओळखायचं. सुरुवातीला थोडे वाजले, मग बंदच झाले. तिला बरं वाटलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला मात्र एकामागून एक तीन माळा फुटल्या. त्यांचे तीन गेले असणार! आयुष्यात पहिल्यांदाच तिने समोरच्या टीमसाठी हात जोडले. "देवा, त्यांची एक जोडी टिकू दे. एकच." तिला स्वतःची लाज वाटली, पण हात सुटेनात.

त्यानंतर एकही फटाका वाजला नाही. साडेनऊला आक्का उठली, सीताबाईला रिक्षात घातलं आणि तडक राहनाळला आली. मांडवात मयत झाल्यासारखी माणसं बसली होती. मटण तसंच पडलेलं. आक्का केसरीनाथसमोर जाऊन उभी राहिली.

"मी पडघ्याला व्हते, भावजी. टीव्ही बंद व्हता, हिला विचारा. मी घरात व्हते तवा दहा मॅच जिंकलात. आज मला गावाबाहेर घातलीत, आनि हरलात. मग पांढऱ्या पायाचं कोन? या खुर्चीत कोन बसला व्हता?"

चाळीस माना खुर्चीकडे वळल्या. केसरीनाथने हसण्यावारी नेलं असतं तर सुटला असता. पण हे सगळं तो स्वतःच मनापासून मानणारा. त्याने खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं.

पुढल्या जूनमध्ये पुन्हा फायनल आली, ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्ड कपची. मोठ्या खुर्चीत आक्का होती. केसरीनाथ आपणहून पडवीत जाऊन बसला, मोबाईलसुद्धा बंद करून. समोरच्यांना तीस चेंडूंत तीस हव्या होत्या तेव्हा भावेशने घाबरून विचारलं, "काकाला गेटाबाहेर पाठवू का?" तशी वेळ आली नाही. भारत जिंकला. घर नाचू लागलं, गावात फटाक्यांचा धूर झाला.

सून उन्नती पडवीत डोकावून आली. "आई, आता तरी त्यांना आत बोलवूया. कप उचलताना तरी बघू दे. रडतायत हो ते."

पायांनी मॅच हरत नाहीत, हे आक्काला त्या घरात सगळ्यांत चांगलं माहीत होतं. तिने टीव्हीवरची नजर काढली नाही.

"बसू दे तिथंच. त्याच्यामुलंच तर जिंकलो," ती म्हणाली, आणि पडवीत नीट ऐकू जाईल इतका आवाज वाढवला.