मान हलेपर्यंत

सलूनवाल्याचा एक हट्ट होता. केस कापून झाले की हातआरसा मागे धरायचा, गिऱ्हाइकाला मानेकडची बाजू दाखवायची आणि त्याने मान डोलावल्याशिवाय गळ्यातलं फडकं सोडायचं नाही. घाईतली माणसं वैतागत, पण हा पठ्ठ्या ढिम्म हलत नसे.

त्याची सतरा वर्षांची लेक आठशे मीटर धावायची. अख्खी गल्ली तिला भिंगरी म्हणायची. तिच्या मानेत गाठ आली, ती कॅन्सरची निघाली आणि औषधांनी केस मुठीमुठीने गळायला लागले. ती रडत बसली नाही. सरळ दुकानात आली आणि खुर्चीवर चढून बसली.

"बाबा, उडवा सगळे. रोज थोडं थोडं कशाला?"

बापाने काळजावर दगड ठेवून वस्तरा फिरवला. पण सवय कुठली सुटायला! काम होताच हात आपसूक आरशाकडे गेला आणि तिचं तुळतुळीत डोकं तो तिलाच दाखवून बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. भिंगरीने मात्र डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि झोकात मान डोलावली.

"मस्त! बाकीच्या पोरींना शर्यतीत माझी हीच बाजू दिसते."

उपचार संपत आले तशी ती पुन्हा मैदानात उतरली. टोपी नाही, रुमाल नाही. तिचा धावतानाचा फोटो देशभर गेला. पोरंपोरी तिच्यासारखं डोकं करून घ्यायला सलूनपुढे रांगा लावू लागली, भिंतींवर तिची चित्रं निघाली.

मग राष्ट्रीय स्पर्धा आली, आणि केस कापायच्या निमित्ताने धावपटूंच्या संघटनेचे सचिव खुर्चीत येऊन बसले.

"तिने उद्घाटनाची ज्योत पेटवायची, व्यासपीठावर बसायचं," ते म्हणाले. "धावायचं कशाला? काही बरंवाईट झालं म्हणजे?"

खरं तर बापालाही तेच हवं होतं. लेक जगावी, शर्यत गेली खड्ड्यात. डॉक्टरांची हरकत नव्हती, तरी त्याचं मन धजत नव्हतं. तो "बरं" म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यात बुटांच्या नाड्या बांधणारी भिंगरी उसळली.

"ज्योत कोणीही पेटवेल! माझा पुतळा करायला निघालात, अजून मेले नाहीये मी!"

बापाला ते वर्मी लागलं. त्याने गपचूप केस उरकले आणि आरसा मागे धरला.

"पोरगी धावेल," तो म्हणाला. "बघा साहेब, पटतंय का?"

सचिवांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. फडकं गळ्यात तसंच. बाहेर त्यांचा ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. बाप आरसा धरून उभाच. शेवटी साहेबांची मान हलली.

ती पाचवी आली. अख्खं मैदान उभं राहून रडत होतं आणि ही बया कॅमेऱ्यासमोर सगळ्यांवर खेकसली, "रडताय काय? पाचवी आलेय मी! पुढच्या वर्षी बघा!" तोवर कौतुकाआड तिची कीव करणाऱ्या देशाने त्या दिवशी तिला डोक्यावर घेतलं.

पुढच्या वर्षी, ऐन स्पर्धेच्या तोंडावर, गाठ परत आली. भिंगरी पुन्हा खुर्चीवर. बापाने डोकं पुरं केलं आणि या वेळी मुद्दाम आरसा धरला. तिने नीट पाहिलं, पण मान काही हलवली नाही.

"आवडलं नाही?"

"आवडलं की. पण मान नाही हलवणार, बाबा. काम संपलंय कुठे?"

गळ्यात फडकं तसंच ठेवून ती उठली आणि सरावाला पळाली. बापाने तिला परत बोलावलं नाही. डोळे पुसले आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी दुसरं फडकं काढलं.