मी निवडलेला पांढरा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमचा रंगारी गडमुडशिंगीहून सायकलनं यायचा. भिंतीवर तीन पट्टे ओढून म्हणायचा, "काका, पांढरा एकच नसतोय. सकाळी बघा, दिवं लागल्यावर बघा, मगच बोला." मी न थांबता भिंतींना निळसर पांढरा निवडला. त्याच्याशेजारी दारांचा सायीसारखा पांढरा मळका दिसू लागला. बायको चिडली.

"यानंच सांगितला," मी त्याच्यादेखत म्हणालो.

त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं. "व्हय काकी, माझंच चुकलं की," म्हणाला आणि सगळी दारं पुन्हा रंगवली. बायकोनं गल्लीभर सांगितलं. तिथं त्याला परत काम मिळालं नाही.

परवा तो बाजारात भेटला. "काका, भिंती कशा हायत?"

चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चांगल्या आहेत."